गुरुवारची जोडी

गुरुवार, १९ मे

ही डायरी शेतकरी संघाने जानेवारीत फुकट दिली होती. चार महिने ती फ्रिजवर पडून होती. आज मारिवॉनने ती जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर आपटली आणि म्हणाली, "गुलवेनबद्दल जे काही बोलायचंय ते हिला सांग. माझे कान किटले." लग्नाच्या बायकोची ही भाषा. ठीक आहे, हिला सांगतो.

गुलवेनने आज ओळीने तिसरा गुरुवार मोडला. एकतीस वर्षं दर गुरुवारी दुपारी दोन वाजता मी बिनिऊची पेटी सायकलला बांधून त्याच्या गोठ्यामागच्या शेडमध्ये जातो. तो बोंबार्ड, म्हणजे पत्तीची छोटी लाकडी सनई, फुंकतो; मी बिनिऊची फुंकून भरलेली कातडी पिशवी काखेत दाबून नळीतून सूर काढतो. पोस्टमन होतो तेव्हा माझी फेरीच मी अशी लावली होती की शेवटचं पत्र दोनच्या ठोक्याला त्याच्या दारात पडावं. माझे सासरे वारले तो गुरुवार होता. त्या दिवशीही आम्ही वाजवलं, फक्त हळू. बिनिऊ हळू वाजत नाही हा भाग वेगळा.

आणि आज कारण काय, तर गवत कापायचंय. आठवडाभर पाऊस पडतोय, गवत घोट्याएवढं सुद्धा नाही. मीही शेतकऱ्याच्याच पोटी जन्मलोय म्हणावं.

रविवार, २२ मे

गावातल्या एका लग्नात वाजवलं. वाजवलं म्हणजे मीच वाजवलं. बोंबार्डवाला एक ओळ वाजवतो, मग ओठांना विसावा देतो, तेवढ्यात तीच ओळ बिनिऊवाला एकटा पुढे नेतो. माझ्या पिशवीत हवा साठलेली असते, मला थांबावं लागत नाही. जोडीचं सगळं गणित एवढंच. आज साहेब एक ओळ वाजवायचे आणि तीन सोडायचे. मी ओझ्याचा बैल. टाळ्या मात्र त्याला, कारण बोंबार्डच पुढे ऐकू येते.

या वयात त्याने मिशा वाढवल्यात. बोलताना तोंडावर हात धरतो. अंगाला कसल्यातरी लवंगेच्या अत्तराचा वास. नवरीच्या बापाने सफरचंद पुढे केलं तर नको म्हणाला. फिगर सांभाळतोय वाटतं.

ब्रेतों या आमच्या जुन्या भाषेच्या माध्यमाच्या शाळेत यंदा नवी मास्तरीण आली आहे, अझिलीझ नावाची. नान्त शहराहून. वय तिशीच्या आत. ती सबंध दुपार नाचली नाही, गुलवेनच्या बोटांकडे बघत उभी राहिली. माझ्या बोटांकडे कोणी बघत नाही.

गुरुवार, २ जून

गवत कापायला जाणाऱ्या माणसाच्या दारात निळी गाडी उभी होती. मी नुसता त्या बाजूने चाललो होतो. निळी गाडी मास्तरणीची आहे, हे आमच्या सगळ्या लान्मेलेग गावाला माहीत आहे.

मारिवॉनला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "तू लग्न माझ्याशी लावलंस की गुलवेनशी?"

"विषय बदलू नकोस."

"दर मंगळवारी मी काराए गावी बाजाराला जाते तेव्हा तो माझ्याच गाडीत बसतो. जाताना, येताना. त्याचं तुला कधी काही वाटलं नाही ते?"

"तू बिनिऊ वाजवत नाहीस."

तिने वाटाण्याची टरफलं माझ्या अंगावर टाकली आणि हसत सुटली. काराएला तो कशाला जातो विचारलं तर म्हणे, "त्यालाच विचार." म्हणजे हिलाही त्याने फितवलंय.

गुरुवार, ९ जून

आज गेलो. चोरून. लपवत नाही, लिहून ठेवतो. सायकल रस्त्यावर ठेवली आणि मागच्या पाणंदीने कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. कुत्रं भुंकलं नाही. तीस वर्षं त्याच्यासाठी, त्याच्या आईसाठी आणि आजीसाठी मी खिशात बिस्किट ठेवत आलोय.

शेडमध्ये बोंबार्ड वाजत होती. ती गुलवेनची, शंकाच नको. शेवटचा सूर तो तोडत नाही, खाली ठेवतो, टोपलीत अंडं ठेवावं तसा. असा सूर ठेवणारा आमच्या भागात दुसरा नाही. आणि वाजवत काय होता! तिशीत वाजवायचा तसा, एकाही ओळीला कंटाळा नाही. लग्नात माझ्यासोबत एक वाजवून तीन सोडणारा हाच का तो माणूस?

त्याच्यासोबत बिनिऊ होता.

दुसरा बिनिऊ. मास्तरीण बिनिऊ शिकतेय. आणि वाजवते कशी? पिशवीत हवा कमी, कोपर ढिलं, प्रत्येक ओळीला श्वास अडकलेल्या वासरासारखा आवाज. असल्या बिनिऊसाठी त्याने मला सोडलं! चांगली असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. नाही, चांगली असती तर जास्तच जळलो असतो. खरं तेच लिहायचं ठरवलंय.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. नाचाच्या चालीत तिसऱ्या ओळीच्या शेवटी मी किंचित रेंगाळतो. ती माझी खोड आहे, मला कोणी शिकवलेली नाही. तो बिनिऊ तिथे रेंगाळला. वाईट रेंगाळला, पण रेंगाळला. मग वाजवणं थांबलं आणि गुलवेनचा आवाज आला, "नाही, नाही, तुदुआल इथे थांबत नाही, इथे तो तुला वाट देतो."

माझं नाव घेऊन शिकवणी! माझी खोड माझ्या पाठीमागे वाटतोय!

त्याची बोंबार्ड आणि माझा बिनिऊ एकाच नासपतीच्या लाकडातून एकाच कारागिराने कातलेत. एकमेकांशी जुळवूनच बनवलेत. दुसऱ्या बिनिऊशी ती बोंबार्ड जुळणार नाही, असं मला वाटायचं. जुळली.

बुधवार, १५ जून

पावाच्या दुकानात मास्तरीण माझ्या मागे उभी. "तुदुआल काका, आज हवा छान उघडली, नाही?" ब्रेतोंमध्ये. एकेक शब्द इस्त्री केलेला.

मी फ्रेंचमध्ये म्हणालो, "हो, बाई."

तिचे कान लाल झाले. दुकानदारीण माझ्याकडे बघत राहिली. मी पाव घेतला आणि निघालो. रस्ताभर मला खूप बरं वाटलं आणि घरी आल्यावर वाटेना.

माझ्या बापाच्या गळ्यात शाळेत मास्तर लाकडी बूट बांधायचे, ब्रेतों बोलला म्हणून. दिवसभर तो बूट घालून फिरायचं आणि दुसरा कोणी बोलताना सापडला की त्याच्या गळ्यात घालायचा. म्हणजे मित्राची चुगली केल्याशिवाय सुटका नाही. बाप पुढे ब्रेतों फक्त गाईंशी बोलला. मला ती आजीकडून मिळाली. मी ती नोल्वेनला, माझ्या मुलीला, दिली नाही. तिला परीक्षा होत्या, मग नोकरी, मग पॅरिस. फोनवर आमचं सगळं फ्रेंचमध्ये चालतं.

आणि ही नान्तची पोर, जिच्या घरात कोणाची आजी ब्रेतों बोलत नव्हती, ती येऊन माझी भाषा बोलते, माझी खोड वाजवते आणि माझ्या गुरुवारी माझ्या शेडमध्ये बसते. माझं काहीतरी हिने उचलून नेलंय असं वाटतं. मी ते कोणाला देत होतो असंही नाही.

रविवार, ३ जुलै

मारिवॉनने मला न विचारता गुलवेनला जेवायला बोलावलं. बायको गेल्यापासून त्याच्या जेवणाची आबाळच असते, ते खरं. काळ्या गव्हाची घावनं केली होती, खारवलेलं लोणी, अंडं, कडा कुरकुरीत, त्याला आवडतात तशी. त्याने कडा काढून ठेवल्या आणि मधला मऊ भाग तेवढा सफरचंदाच्या सायडरमध्ये बुडवून खाल्ला. मारिवॉन उठून त्याच्यासाठी सूप घेऊन आली. माझ्यासाठी सूप नव्हतं.

मग तो म्हणाला, तोंडावर हात धरून, "तुदुआल, एक विचारायचंय. तू कधी दुसऱ्या कुणाबरोबर वाजवशील का?"

इतकं सरळ. माझ्याच घरात, माझंच सायडर पिऊन.

"का? तुला अडचण होतेय का माझी?"

"तसं नाही रे. समज, माझ्या जागी..."

"मला कोणाच्या जागी कोणी नको. आहे तसा मी बरा आहे. तुला मोकळं व्हायचं असेल तर हो मोकळा. ऑगस्टमध्ये गावच्या जत्रेत वाजवायला घे हवी तिला."

"अरे, ऐकून तरी..."

मी अंगणात गेलो आणि लाकडं फोडली. जुलैत. परत आलो तोवर तो निघून गेला होता. मारिवॉन ताटं घासत होती, तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मग म्हणाली, "एकतीस वर्षं एका माणसाच्या शेजारी उभा राहिलास, एकदा समोर उभा राहून त्याचं तोंड बघ." याचा अर्थ तिचा तिलाच ठाऊक.

शनिवार, १६ जुलै

बारमध्ये विचारलं कोणीतरी, यंदा संत मेलेगच्या जत्रेत तुम्हीच ना? मी म्हणालो, "गुलवेनला विचारा. त्याची दर गुरुवारी खास शिकवणी असते. दार लावून." आणि डोळा मारला.

सगळे हसले. आणखी एकाने काहीतरी जोडलं, मी नाही म्हणालो नाही.

मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, खोटं कशाला. बरं वाटलं.

गुरुवार, २८ जुलै

निळी गाडी नव्हती. शेडला कुलूप. कुंपणाशी मी अर्धा तास उभा होतो. कुत्र्याने बिस्किट खाल्लं आणि निघून गेलं.

जत्रेच्या समितीने सांगितलंय, दहा तारखेपर्यंत कोण वाजवणार ते कळवा, नाहीतर मिरवणुकीपुढे लाउडस्पीकर लावू. लान्मेलेगच्या झेंड्यापुढे लाउडस्पीकर! माझ्या आजोबांच्याही आधीपासून तिथे जोडी चालत आली आहे. या सगळ्याला गुलवेन जबाबदार.

गुरुवार, ४ ऑगस्ट

दुपारी दोनच्या ठोक्याला गुलवेन माझ्या दारात. हातात बोंबार्डची पेटी. मारिवॉनने त्याला आत घेतलं आणि स्वतः कोंबड्यांकडे गेली. आत्ताच कोंबड्यांना दाणे घातले होते तिने.

तो उभाच राहिला. मग तोंडावरचा हात खाली घेतला आणि तोंड उघडलं.

वरचे पुढचे चार दात नव्हते. खालचे दोन हलत होते.

"मार्चपासून," तो म्हणाला. "आधी ठणका, मग एकेक काढला. दर मंगळवारी काराएला दाताच्या डॉक्टरकडे. तुझ्या बायकोने नेलं, आणि मी शपथ घातली होती म्हणून गप्प राहिली."

लवंग. अरे देवा, लवंग. माझी आई दाढेत लवंगच धरायची.

मी म्हणालो, "कवळी?"

"लावून पाहिली. बोंबार्डची पत्ती ओठात धरून जोर लावला की कवळीच बाहेर येते. दोनदा आली. एकदा पत्तीसकट कुत्र्यापुढे पडली." तो हसला नाही, मीही नाही. "संपलं रे माझं वाजवणं. लग्नात वाजवलं ते शेवटचं."

"पण शेडमध्ये तर... मी ऐकलं. नऊ जूनला. तूच होतास. शेवटचा सूर..."

"ती होती. अझिलीझ. बोंबार्ड ती आधीपासूनच वाजवते, माझी ढब तेवढी शिकवली." त्याने वाकून माझा चेहरा न्याहाळला. "खरंच माझ्यासारखी वाटली तुला?"

"मग बिनिऊ?"

"मी."

"तो बिनिऊ तू?"

"वाईट होता ना?"

"भयंकर."

"माहितीये. बिनिऊची नळी काय, दाढांतही धरता येते. मागून आणला होता एक. तू कुठे रेंगाळतोस, कुठे वाट देतोस, हे तिला तोंडाने सांगता येईना. म्हणून वाजवून दाखवत होतो. अर्धीकच्ची पोरगी आणून उभी केली असती तर तू पहिल्याच दिवशी हाकलली असतीस. म्हटलं, आधी तुझ्याजोगी करतो, मग तुझ्यापुढे आणतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली," गुलवेन म्हणाला. "एकतीस वर्षं तुझ्या शेजारी छाती काढून चाललो. बोळक्या तोंडाने काय सांगू?"

मग त्याने पेटी टेबलावर ठेवली. "पण आता ती यायची बंद झालीये. दुकानात दोन मुलांच्या आया तिला विचारत होत्या, गुरुवारी दार लावून काय शिकता म्हणून. हे कुठून निघालं ते मला कळलंय, तुदुआल. मी त्याबद्दल काही बोलणार नाही. तिच्याकडे तू जायचं. आणि फ्रेंचमध्ये बोलायचं नाही."

त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, ६ ऑगस्ट

गेलो. पोतंभर नवे बटाटे सायकलला बांधून. तिने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. बरोबर आहे.

मी ब्रेतोंमध्ये सुरुवात केली. बाहेर आली ती बाप गाईंशी बोलायचा तशी. "ये पोरी, अशी ये, ऐक." इतक्या वर्षांत माणसाशी इतकं लांबलचक ब्रेतों बोललोच नव्हतो. बारमध्ये काय बोललो ते तिला सांगितलं, जसंच्या तसं, डोळा मारला तेही. उद्या त्याच बारमध्ये, तितक्याच लोकांसमोर, माझं थोबाड खोटं बोललं होतं असं सांगणार आहे, हेही सांगितलं.

तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "काका, वर्गातल्या पोरांना मी सांगते की ही भाषा म्हाताऱ्यांकडे जाऊन शिका. आणि मी गेले तर हे."

मी पोतं उतरवून तिच्या उंबऱ्याशी ठेवलं.

मग तिने विचारलं, "इथे तुमच्याकडे माफी मागताना काय म्हणतात? पुस्तकात दिलंय ते कोणाच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही."

मी खरंच आठवून पाहिलं. "इथे कोणी काही म्हणत नाही," मी म्हणालो. "बटाटे आणून देतात."

तिने पोत्याकडे बघितलं. हसली असं म्हणता येणार नाही, पण पोत्याचं एक टोक तिने धरलं.

रविवार, ७ ऑगस्ट

बारमध्ये बोललो. कोणी हसलं नाही. मागच्या वेळी हसले होते तेव्हा सोपं गेलं होतं.

गुरुवार, ११ ऑगस्ट

दोन वाजता, शेडमध्ये, तिघं. समितीला कालच कळवलं. मी तिच्याबरोबर वाजवलं, गुलवेन उपड्या बादलीवर बसून मान हलवत होता. ती चांगली वाजवते. फार चांगली वाजवते. तिसऱ्या ओळीला मी रेंगाळलो तेव्हा तिला आधीच माहीत होतं, तिने जागा सोडूनच ठेवली होती. एवढी वाट मला गुलवेननेही कधी दिली नव्हती. घरी येताना वाटलं, गुलवेनला हे सांगू की नको. सांगितलं नाही.

सोमवार, २९ ऑगस्ट

काल जत्रा झाली. आज सकाळपासून लिहायला बसतोय, माझी पोटरी दुखतेय. का ते पुढे येईल.

चॅपलपासून मिरवणूक निघाली. झेंड्यापुढे आम्ही दोघं, मी डावीकडे, उजवीकडे गुलवेनच्या जागी अझिलीझ, हातात नासपतीची बोंबार्ड. म्हाताऱ्या बायका कुजबुजल्या, "डोळे मिटले तर गुलवेनच." मला ते लागलं. पुन्हा लागलं. लोक आता तिचं नाव घेणार आणि मी पुन्हा काखेतली पिशवी. ही जळजळ माझ्यातून जायची नाही, दात पडले तरी.

दुपारी गवतावर नाच सुरू झाला. साखळी मोठी झाली, दीडशे तरी माणसं, एकमेकांच्या करंगळ्या गुंतवून. आम्ही दोघं लाकडी घडवंचीवर. तिने शेवटचा सूर खाली ठेवला, टोपलीत अंडं ठेवावं तसा, आणि मी तो उचलला. त्या वेळी गर्दीत गुलवेन दिसला.

तो सायडरच्या पिंपाशी एकटा उभा होता. तोंडावर हात नव्हता. तिच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. गेले तीन महिने दाढी करताना रोज आरशात तेच बघत होतो.

चाल संपली. मी घडवंचीवरून उतरलो, गर्दीतून गेलो आणि बिनिऊ त्याच्या काखेत कोंबला.

"वेड लागलं का? सगळ्या गावासमोर?"

"दाढांत धरता येते म्हणाला होतास ना. चल चढ."

"तू काय करणार?"

हा प्रश्न मलाही पडला होता. एकतीस जत्रांत मी एकदाही नाचलो नाही. वाजवणाऱ्याला नाचता येत नाही, तो वर उभा असतो. मारिवॉन साखळीत होती. शेजाऱ्याची करंगळी सोडून तिने माझी धरली. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्याच करंगळ्या धरून नाचत आली आहे, हे मला काल कळलं.

गुलवेनने वाजवलं. श्वास अडकलेलं वासरू. पहिल्या ओळीला लोकांचे पाय चुकले, दुसऱ्या ओळीला माझे. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तो रेंगाळला, माझ्यासारखा, वाईट. आणि अझिलीझने त्याला वाट दिली.

"कोपर दाब, गाढवा!" मी साखळीतून ओरडलो.

त्याने कोपर दाबलं आणि सगळ्या गावासमोर बोळकं तोंड पसरून हसला. हसल्यावर नळी सुटली, हवा गेली आणि बिनिऊ बंद पडला. बोंबार्ड एकटी चालू राहिली. थांबलं कोणीच नाही.